महिन्याला एक गुण

डेव्हिड रॉबिन्सनचं 'व्हॉइसेस इन द कोड' मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ऑफिसच्या रीडिंग ग्रुपसाठी, पुण्यातल्या फ्लॅटवर, दोन वीकेंडमध्ये. दुसऱ्यांदा अकोल्यात, डायलिसिस सेंटरबाहेरच्या लोखंडी बाकावर, फोनच्या स्क्रीनवर. मामाला मशीनवर घेतलं की चार तास माझ्याकडे असायचे. पहिल्या वाचनानंतर मी ग्रुपवर लिहिलं होतं, 'आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं असं पुस्तक.' ते मत अजूनही मागे घेत नाही. पण दुसऱ्या वाचनात माझं पुस्तकाशी भांडण झालं. हा लेख त्या भांडणाचा आहे.

पुस्तक २०२२ चं. विषय एकच: अमेरिकेत मेलेल्या माणसाची किडनी कोणाला द्यायची हे ठरवणारा अल्गोरिदम. तो साधारण दहा वर्षं घासला गेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये लागू झाला. रॉबिन्सन सांगतो ती त्या दहा वर्षांची गोष्ट. कोण कोणत्या मीटिंगला आलं, कोण काय बोललं, कोणता फॉर्म्युला का फेकून दिला. ऐकायला रटाळ वाटेल, पण सॉफ्टवेअरमधल्या माणसाला हे थ्रिलरसारखं आहे. आमच्याकडे एखादा स्कोर कसा आला असं विचारलं तर उत्तर मिळतं, 'जुना कोड आहे, ज्याने लिहिला तो सोडून गेला.' मी स्वतः ग्राहकांच्या तक्रारी कोणत्या क्रमाने सोडवायच्या ते ठरवणारी सिस्टीम सांभाळतो. त्यात एक आकडा आहे, ०.७. तो ०.७ का आहे हे कंपनीत कोणालाही माहीत नाही.

किडनीच्या रांगेत असा अनाथ आकडा चालत नाही, हे अमेरिकेला जरा लवकर कळलं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलमध्ये डायलिसिसची मशीनं मोजकी होती आणि रुग्ण जास्त. तेव्हा सात जणांची एक समिती बसवली गेली. वकील, धर्मोपदेशक, बँकवाला, गृहिणी, कामगार नेता, असे लोक. कोणाला मशीन मिळेल, म्हणजे कोण जगेल, हे ते ठरवायचे. १९६२ मध्ये 'लाइफ' मासिकाने ते छापलं आणि लोक हादरले. नोकरी, लेकरं, चर्चला जाणं-येणं, अशा गोष्टींवरून माणसाची किंमत ठरत होती. त्या समितीतल्या माणसांना दुष्ट म्हणता येणार नाही. त्यांच्यासारखी दिसणारी माणसं त्यांना जास्त लायक वाटत होती, एवढंच. समितीपेक्षा फॉर्म्युला बरा, हे वाटणं तिथून येतं.

पण फॉर्म्युला कोणता? पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग हा आहे. २००७ च्या सुमारास तज्ज्ञांनी एक हिशेब मांडला: किडनी मिळाल्याने ज्याच्या आयुष्यात जास्तीत जास्त वर्षं वाढतील, त्याला द्या. कागदावर याच्याइतकं शहाणं काही नाही. एकूण वर्षांची बेरीज सगळ्यात मोठी होते. इंजिनिअर म्हणून मी लगेच 'हो' म्हटलं असतं. मग डॅलसला जाहीर सभा झाली, रुग्ण बोलायला आले आणि त्यांनी सांगितलं की या बेरजेत पन्नाशी-साठीची माणसं जवळजवळ पुसली जातात. तो हिशेब मागे पडला. पुढे २०११ मध्ये दात्याचं आणि रुग्णाचं वय जवळपास असावं अशी सूचना आली. वयावरून भेदभाव करता येत नाही, असं सरकारच्याच नागरी हक्क कार्यालयाने सांगितलं आणि तीही गेली. शेवटी उरली ती तडजोड: सगळ्यात चांगल्या २० टक्के किडन्या, जास्त जगण्याची शक्यता असलेल्या २० टक्के रुग्णांना आधी, बाकीच्यांत मुख्यतः प्रतीक्षाकाळ.

रॉबिन्सन यातून चार गोष्टी उचलतो. लोकांना सामील करा. नियम उघडे ठेवा. लागू करण्याआधी परिणामाचा अंदाज बांधा. लागू केल्यावर तपासत राहा. तो भाबडा नाही. सभेला येणारे रुग्ण म्हणजे विमानाचं तिकीट परवडणारे रुग्ण, हे त्याला दिसतं. आकडेवारीने नैतिक प्रश्नाला भूल दिल्यासारखं होतं, हेही तो म्हणतो. मला त्याची लिहिण्याची पद्धत आवडते, तो कोणाला खलनायक करत नाही. कधीकधी करायला हवं होतं, असं वाटतं.

आता भांडणाचं कारण. नव्या अमेरिकन नियमात एक बदल असा झाला, ज्यावर फारसा वाद झाला नाही. आधी प्रतीक्षाकाळ मोजायचे तो यादीत नाव लागलं त्या दिवसापासून. आता डायलिसिस सुरू झालं त्या दिवसापासून मोजतात. गरीब आणि काळे रुग्ण यादीत उशिरा पोचायचे, कारण कोणी त्यांना सांगतच नव्हतं. आता उशिरा पोचलं तरी मागचे महिने धरले जातात. रॉबिन्सनला हा बदल फार न्याय्य वाटतो. पहिल्या वाचनात मलाही वाटला. हायलाइट करून ठेवला होता.

अकोल्याच्या बाकावर ती पिवळी ओळ पुन्हा आली आणि मी थांबलो.

डायलिसिस सुरू झाल्याची तारीख न्याय्य ठरते ती एका अटीवर: ज्याला डायलिसिसची गरज पडली त्याला ते मिळालंच पाहिजे. अमेरिकेत ही अट १९७२ च्या एका कायद्याने बरीचशी पूर्ण केली. किडनी निकामी झालेल्या जवळपास प्रत्येकाचा खर्च सरकार उचलू लागलं. रॉबिन्सनच्या इमारतीखाली हा पाया आहे. तो त्याच्याबद्दल बोलतो, पण पायाबद्दल बोलावं तसं, थोडंच.

माझे मामा दर्यापूर तालुक्यातले. खारपाणपट्ट्यातले. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणारा हा पट्टा. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर. जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीच्या पाण्याने डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, कितीतरी पिकांना ते देता येत नाही. किडनीचे पेशंट इथल्या गावागावांत आहेत. गावकरी पाण्याकडे बोट दाखवतात, बरेच डॉक्टरही दाखवतात. कारण-परिणामाची साखळी शास्त्राने अजून पुरती जुळवलेली नाही. मामांना विचाराल तर ते म्हणतील, 'आमच्या आज्यानं पेलं, बापानं पेलं, आमी पेलो. जुळवून काय करता?'

डायलिसिस मामांना फुकट आहे, सरकारी योजनेत. केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, महाराष्ट्राची महात्मा फुले योजना आहे. यात खोट काढायची नाही, ही योजना नसती तर मी हा लेख लिहीतच नसतो. पण डायलिसिस फुकट असलं तरी तिथपर्यंत पोचणं फुकट नाही. गावाहून फाटा, फाट्यावरून एसटी, अकोला साधारण पन्नास किलोमीटर. चार तास मशीन, मग गरगरत परत. सोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सांगितलं होतं. मामा दोनदा जातात. वेचणीच्या दिवसांत एकदा.

आता आपल्याकडचा तक्ता. नोटो, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाची राष्ट्रीय संस्था, तिचे किडनी वाटपाचे निकष आहेत. मी ते एका समीक्षकासारखे वाचले, म्हणजे प्रत्येक ओळीला विचारलं की तू इथे का आहेस. डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला एक गुण. सहा वर्षांखालच्या मुलाला तीन गुण, सहा ते बारा वयाला दोन, बारा ते अठराला एक. हातातल्या फिस्टुलाच्या सगळ्या जागा निकामी झाल्या असतील तर दोन, त्यानंतरचा ग्राफ्टही गेला तर चार. बसवलेली किडनी तीन महिन्यांत शरीराने नाकारली असेल तर तीन. आणि ज्याने पूर्वी स्वतःची किडनी कोणाला दिली आणि आता स्वतःच डायलिसिसवर आला, त्याला पाच. मरणोत्तर दात्याच्या जवळच्या नातेवाइकालाही पाच.

वाचायला हे नीटनेटकं आहे. पण असा तक्ता म्हणजे विनिमय दरांचा फलक असतो. सहा वर्षांचं न झालेलं मूल म्हणजे तीन महिन्यांचं डायलिसिस. स्वतःची किडनी देऊन टाकणं म्हणजे पाच महिन्यांचं डायलिसिस. हे दर कोणी ठरवले, कोणत्या वादातून? कागदावर गुण आहेत, कारणं नाहीत. माझ्या ०.७ सारखेच. आणखी एक गोष्ट बेरीज करून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. बाकी सगळे गुण एक ते पाचच्या घरात आणि महिन्याचा गुण मात्र थांबतच नाही. तीन वर्षं झाली की छत्तीस. मग मूल असणं, दाता असणं, हे सगळं गोंगाटात जातं. तक्ता आठ-दहा गोष्टी बोलतो, पण ऐकू येते एकच: डायलिसिसवर किती दिवस टिकलात.

आणि टिकतं कोण? ज्याचं घर सेंटरजवळ आहे. ज्याला आठवड्यातून तीनदा जाता येतं. ज्याच्या सोबतच्या माणसाची मजुरी बुडत नाही. आपल्याकडे त्या एका गुणात आजाराचे महिने मोजले जातात, पण त्यासोबत मशीनपाशी पोचण्याची ऐपतही मोजली जाते. तोच नियम, तोच आकडा, आणि अर्थ उलटा. रॉबिन्सनच्या देशात जो बदल गरिबाला पुढे आणतो, तो दर्यापूर तालुक्यात गरिबाला मागे ठेवतो. पुस्तकाशी माझं भांडण ते हे. चूक त्याची नाही, त्याने अमेरिकेबद्दल लिहिलंय. पण आपल्याकडची शहाणी माणसं हे पुस्तक वाचून 'हीच पद्धत आणूया' म्हणतील, तेव्हा पाया तिकडेच राहील.

हे मला तत्त्वज्ञानातून कळलं नाही. नागपूरला कळलं.

मामांचा रक्तगट ओ, मामीचा बी. मामी पहिल्या दिवसापासून तयार होती, जमलं नाही. माझी आई तयार झाली, तिला शुगर निघाली. मामांच्या थोरल्या भावाने विचार करतो म्हटलं, ते अजून करत आहेत. मग यादीत नाव लावायला नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. आपल्या विभागाची यादी नागपूरच्या समन्वय केंद्राकडे असते आणि नाव एका वेळी एकाच रुग्णालयातून लागतं. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीत अलीकडे प्रत्यारोपणं होतात, पण बातम्यांत येतात ती बहुतेक जिवंत दात्यांची, आईने लेकराला दिली अशी. मेलेल्या माणसाच्या किडनीची वाट पाहायची तर आमच्यासाठी नागपूर. गावाहून दोनशे किलोमीटर.

फॉर्म मी भरत होतो. रकाना आला: डायलिसिस सुरू झाल्याची तारीख. मामांचं पहिलं डायलिसिस ऑगस्टमधलं. ऑक्टोबरच्या शेवटी थोडं बरं वाटलं, लघवी होत होती, कपाशी फुटली होती. त्यांनी जाणं बंद केलं. जानेवारीत दम लागून, पाय सुजून पुन्हा अकोल्याला नेलं, तेव्हापासून सुरू आहे. निकष म्हणतो, तीन महिन्यांहून जास्त काळ, नियमित. मग तारीख कोणती? मी ऑगस्ट लिहिलं. माझ्या मते ते खोटंही नव्हतं, पहिलं डायलिसिस ऑगस्टलाच झालं होतं. फक्त मधल्या खिंडीबद्दल रकान्यात जागा नव्हती, आणि मी जागा केली नाही.

कोऑर्डिनेटर मॅडमने फाइल चाळत सहज विचारलं, "काका, सुरुवातीपासून रेग्युलर होतं ना?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाई मॅडम. मधात सोडलं होतं मी. वेचणी होती, जवळपास अडीच महिने गेलोच नाई."

मॅडमने ऑगस्ट खोडून जानेवारी केलं. पाच महिने, पाच गुण. स्वतःची किडनी देणाऱ्याला मिळतात तेवढे. परतीच्या बसमध्ये मी चिडलो होतो. "मामा, काऊन सांगितलं? कागद होता ना आपल्याजवळ ऑगस्टचा." मामा बराच वेळ बडनेऱ्याचा रस्ता पाहत होते. मग म्हणाले, "अरे बाप्पा, मायावर जो असंल रांगेत, त्याले का मायासारखं वावर नसंल?"

या वाक्याने मी गप्प झालो, पण पटलं असं नाही. आजही पटलेलं नाही. मामा रांगेतल्या दुसऱ्या माणसाशी प्रामाणिक राहिले, पण ज्याला वेचणीसाठी डायलिसिस सोडावं लागलं नाही असा माणूसच वर असण्याची शक्यता जास्त. 'नियमित' हा शब्द वैद्यकीय म्हणून लिहिलाय, आणि तो मोजतोय कोणाच्या घरात पगार येतो ते. पुस्तकातला चौथा उपाय, तपासणी, इथे लावून पाहावा असं मला फार वाटतं. आपल्या याद्यांत गावाहून सेंटरचं अंतर आणि हाती आलेले गुण शेजारी ठेवून कोणी पाहावं. माझ्यासारख्याला हे काम दोन दिवसांचं आहे, डेटा दिला तर.

असं मागे जाऊन दुरुस्त करता येतं, याचं उदाहरणही अमेरिकेतच आहे, पुस्तक आल्यानंतरचं. किडनीचं काम मोजणाऱ्या एका फॉर्म्युल्यात रुग्ण काळा असेल तर निकाल चांगला दाखवणारा गुणक होता. त्यामुळे काळे रुग्ण कागदावर बरे दिसायचे आणि यादीत उशिरा यायचे. गुणक काढला, पण तिथेच थांबले नाहीत. जानेवारी २०२३ पासून ज्यांचं नुकसान झालं होतं अशा हजारो रुग्णांचे प्रतीक्षेचे महिने मागच्या तारखेपासून लावून दिले. आमच्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स केला आणि जुना डेटाही मायग्रेट केला. दुसरं काम नेहमी राहून जातं.

आपल्याकडेही नियम हलतात. २०२३ मध्ये नोंदणीसाठी अधिवासाची अट आणि पासष्टच्या पुढे नाव न घेण्याची अट काढली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोने राज्यांना कळवलं की यादीतल्या स्त्री रुग्णांना आणि मरणोत्तर दात्यांच्या नातेवाइकांना प्राधान्य द्या. यामागचं गणित कोणत्याही डायलिसिस सेंटरबाहेर बसलं की दिसतं. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत दोन तृतीयांशाच्या आसपास बायका होत्या, आणि घेणाऱ्यांत त्याच प्रमाणात पुरुष. माझ्या घरात मामी तयार, आई तयार, थोरले मामा विचारात. त्यामुळे हा नियम मला पटतो. तो लागू झाला की मामा एखादी पायरी खाली जातील, हेही मला माहीत आहे, आणि ते कळल्यावर दोन मिनिटं तो नियम मला पटला नव्हता, हे लिहून ठेवतो.

पुस्तकात जे अजिबात नाही ते अकोल्याला टाळता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये इथे किडनीचं रॅकेट बाहेर आलं. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या गरीब माणसांना गाठायचं, किडनी द्यायला लावायची. शस्त्रक्रियेसाठी श्रीलंकेपर्यंत नेल्याचं तपासात आलं. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा ज्या राज्यांच्या ठरावावर संसदेने केला त्यांत महाराष्ट्र होता, आणि वीस वर्षांनी हे. रॉबिन्सनच्या रांगेबाहेर वाट पाहणं एवढंच असतं. आमच्या रांगेबाहेर एक बाजारही आहे. त्या बाजारात खारपाणपट्ट्यातला शेतकरी दोन्हीकडे उभा असतो, किडनी हवी असलेला म्हणून आणि किडनी हाच शेवटचा माल उरलेला म्हणूनही. वाटपाच्या न्यायावर लिहिणाऱ्याला हे बाहेर ठेवता येत नाही. यादी जितकी हळू आणि जितकी बंद, तितका तो बाजार चांगला चालतो.

आणि यादी हळू का, तर द्यायलाच नाही. २०२३ मध्ये पहिल्यांदा देशातल्या मरणोत्तर दात्यांचा वर्षाचा आकडा हजाराच्या वर गेला: १,०९९. एकशे चाळीस कोटींच्या देशात. एका दात्याच्या दोन किडन्या, त्यातली एक बहुधा दाता ज्या रुग्णालयात होता तिथल्या रुग्णाला, दुसरी यादीत. म्हणजे मी ज्या गुणांवर दोन हजार शब्द लिहितोय, ते गुण लागतात फार थोड्या किडन्यांना. रॉबिन्सन हे अमेरिकेच्या संदर्भात मान्य करतो. अल्गोरिदमवर असा झगझगीत दिवा पडतो की लोक त्याच्याभोवतीच भांडत राहतात, आणि यादीत पोचलाच नाही तो माणूस अंधारात राहतो. मला वाटतं पुस्तकातलं हे सगळ्यात खरं निरीक्षण आहे, आणि त्याने त्याला द्यायला हवी होती तेवढी पानं दिली नाहीत. माझ्या लेखातही प्रमाण तसंच झालंय.

किडनी मिळालीच तर पुढचं वेगळं. फुले योजनेत प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, ते चांगलं झालं. गोळ्या मात्र जन्मभर. त्यावर आत्ता बोलत नाही, मामाही बोलू देत नाहीत.

तरी पुस्तक वाचा. 'नियम उघडे ठेवा' हे वाचल्यानंतर मी नोटोचा तक्ता मराठीत, एका पानावर, मामीसाठी लिहून काढला. तिने तो दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, "म्हंजे महिना भरला का एक?" हो म्हटलं. आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या खाली, प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या चौकोनात ती पेनाने एक रेघ मारते. परवा मी मोजल्या. एकोणीस होत्या. जानेवारीपासून मोजायचं तर चौदाच व्हायला हव्यात. मामीने ऑगस्टपासून धरल्यात. मी काही बोललो नाही.